दुसऱ्यांची वर्तमानपत्रे

एरवी वर्षभर या सदरासाठी मला दीड पान मिळते, आणि तेवढ्यात नळाचे पाणी, रिक्षावाले आणि नातवंडांची इंग्रजी शाळा ही तिन्ही दुःखे मांडावी लागतात. दिवाळी अंकाचा थाट निराळा. संपादक म्हणाले, "प्रोफेसर, यंदा ऐसपैस लिहा. अमेरिकेत चाळीस वर्षे तुम्ही नेमके काय करीत होतात, ते एकदा वाचकांना सांगूनच टाका." हे 'नेमके' त्यांनी अशा काही स्वरात उच्चारले की, हा प्रश्न त्यांच्याही मनात बरेच दिवस घोळत असावा अशी मला शंका आली.

त्यात त्यांचा दोष नाही. अमेरिकेला जाणाऱ्या माणसाचे आपल्याकडे दोनतीन ठरलेले साचे आहेत. तो डॉक्टर असतो, इंजिनिअर असतो, नाहीतर हल्ली संगणकात असतो. मी यांपैकी काहीच नव्हतो. मी तिथल्या एका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत असे, आणि अमेरिकेचे राजकारण व तिथली वर्तमानपत्रे, रेडिओ, टेलिव्हिजन यांचे एकमेकांशी असलेले नाते हा माझा खास विषय होता. परत आल्यावर एका लग्नाच्या पंगतीत वधूच्या मामांना मी हे सगळे सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी मठ्ठ्याचा एक घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही दुसऱ्यांची वर्तमानपत्रे वाचत होतात."

मला हे वाक्य नवे नव्हते. १९७४ साली, मी निघायच्या आदल्या रात्री, माझे वडील म्हणजे तात्या हुबेहूब हेच म्हणाले होते. फरक इतकाच की त्यांनी पुढे जोडले होते, "अरे, पण आपली वाचून संपली का?"

हे विचारण्याचा तात्यांना अधिकार होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि 'सकाळ'चा अंक एकच येत असे. तो तात्यांचा. पोस्टाच्या हिशेब खात्यातली कारकुनी सुरू व्हायच्या आधीचा पाऊण तास ते ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. मोठ्याने अशासाठी की समोर चारपाच मंडळी जमलेली असत. घड्याळदुरुस्तीचे दुकान असलेले काका, दवाखान्यातले कंपाउंडर, पलीकडच्या गल्लीतले पिठाच्या गिरणीवाले. यांतल्या कोणी स्वतः वर्तमानपत्र हातात घेतलेले मी कधी पाहिले नाही. बातमी वाचून झाली की तात्या चष्मा कपाळावर सरकवीत, आणि मग भाष्य सुरू होई. खरे म्हणजे मंडळी येत ती भाष्यासाठी. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत तर मुंबईहून आलेला 'मराठा' कुठून तरी पैदा केला जाई, आणि त्या दिवशी तात्यांचा चष्मा कपाळावरून खाली येतच नसे. निवडणुकीच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसायला जागा उरत नसे. मला त्या वयात या सगळ्याचा मनस्वी कंटाळा यायचा. कारण चष्मा हरवला की तो शोधून आणण्याचे काम माझे होते.

असो. निक्सनसाहेबांनी राजीनामा दिल्यानंतर अकराव्या दिवशी मी अमेरिकेत उतरलो. जिकडेतिकडे वॉटरगेट. दोन बातमीदारांनी राष्ट्राध्यक्षाला घरी बसवले असे सगळे म्हणत होते, आणि मीही खिशात पेन सरसावून आलो होतो की आता वृत्तपत्रांची ही अफाट ताकद मोजून दाखवायची. माझ्या मार्गदर्शकांनी माझे भाषण शांतपणे ऐकून घेतले, कपाटातून एक पुस्तक काढले आणि म्हणाले, "आधी हे वाच. मग ताकदीचे बोलू."

ते पुस्तक म्हणजे १९४४ साली निघालेला 'द पीपल्स चॉइस' हा ग्रंथ. लिहिणारे तिघे, पण त्यामागचे डोके पॉल लाझार्सफेल्ड यांचे. या गृहस्थांची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण आमच्या विषयाचे मूळपुरुष म्हणायचे ते हेच.

लाझार्सफेल्ड जन्माने व्हिएन्नाचे, १९०१ सालचे. जातीने ज्यू, शिक्षणाने गणिती, मनाने समाजवादी. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावाचा अभ्यास केला. तिथली गिरणी बंद पडून अख्खे गाव बेकार झाले होते. या मंडळींनी काय करावे? खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्या माणसांच्या चालण्याचा वेग घड्याळ लावून मोजला, आणि कोण वाटेत किती वेळा थबकतो ते टिपले. काम गेलेले पुरुष सावकाश चालत आणि उगाचच थांबत. बायकांना घरकाम होतेच, त्या लगबगीने जात. बेकारीवर मी पुढे पुष्कळ मोठमोठे ग्रंथ वाचले, पण पोटात खड्डा पडला तो या चालीच्या मोजमापाने.

१९३३ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. मागे ऑस्ट्रियाचे जे झाले ते झाले. ते तिथलेच झाले आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्थिरावले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले तेच हे कोलंबिया. पोटासाठी लाझार्सफेल्डना साबण का खपतो, रेडिओ कोण ऐकतो असल्या चौकशा कराव्या लागत. ते स्वतःच म्हणत की माणूस साबणाची वडी कशी निवडतो आणि मत कुणाला द्यायचे ते कसे ठरवतो, हे शोधण्याची रीत एकच आहे.

ती रीत त्यांनी १९४० साली लावून पाहिली. ओहायओ राज्यात ईरी नावाचे प्रचंड सरोवर आहे, त्याच्या काठी ईरी काउंटी, आणि तिचे मुख्य गाव सँडस्की. फार मोठे नाही, फार लहान नाही. आपल्याकडचे तालुक्याचे गाव म्हणा. रुझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते, समोर विल्की. लाझार्सफेल्डच्या लोकांनी तिथली सहाशे माणसे निवडली, आणि मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन तेच ते विचारले: मत कुणाला देणार? काय वाचले? काय ऐकले? मागच्या महिन्यापासून मन बदलले का? बदलले तर कशाने? एकदा विचारणे निराळे आणि त्याच माणसाला सात महिने विचारीत राहणे निराळे. पहिल्यात फोटो मिळतो, दुसऱ्यात चालणे दिसते. मारिएन्थालच्या खिडकीत बसलेला माणूसच हे करू जाणे.

त्या काळी समजूत अशी होती की रेडिओ आणि छापील प्रचार म्हणजे इंजेक्शन: टोचले की चढलेच. युरोपात हिटलर रेडिओवरून गर्जत होता, तेव्हा समजूत अगदीच अस्थानी होती असे नाही. पण सँडस्कीत निघाले भलतेच. निम्म्याअधिक लोकांचे मत मे महिन्यातच, प्रचार सुरू व्हायच्या आधी, पक्के झाले होते. एका बाजूची सोडून सरळ दुसऱ्या बाजूला गेलेले लोक शंभरात दहासुद्धा भरले नाहीत. रुझवेल्टची माणसे रुझवेल्टचेच भाषण ऐकत, विल्कीची विल्कीचेच. आणि आपल्याला वाटते की कुंपणावरचा मतदार म्हणजे मोठा विचारी, दोन्ही बाजू तोलून पाहणारा. तर तेही नाही. उशिरा ठरवणारा पुष्कळदा तोच, ज्याला राजकारणात फारसा रस नाही.

मग या लोकांचे मन हलवते कोण? मुलाखतीत लोक पुन्हा पुन्हा सांगत: मेहुणा म्हणाला, कारखान्यातला सोबती म्हणाला, शेजारीण म्हणाली. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक कारखान्यात एखादा माणूस असतो; तो वाचतो, ऐकतो आणि मग इतरांना सांगतो. विचार छापखान्यातून निघून आधी त्याच्याकडे येतात आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे जातात. दोन टप्प्यांचा हा प्रवास. पुढे १९५५ साली एलिहू कॅट्झ यांच्याबरोबर लाझार्सफेल्डनी दुसरे पुस्तक लिहिले, इलिनॉयमधल्या डिकेटर गावच्या आठशे बायकांवर. त्यात आणखी एक गंमत निघाली: सगळ्या विषयांत एकच माणूस शहाणा नसतो. बाजारहाटात मोठ्या कुटुंबाच्या, अनुभवी बायकांचा शब्द चाले, कपड्यांच्या आणि केसांच्या बाबतीत तरुण मुलींचा. आमच्या वाड्यात तरी दुसरे काय होते? राजकारण तात्यांचे, अनारशांचे पीठ आणि बाळंतविडा कंपाउंडरांच्या आईचा.

मी हे सगळे उत्साहाने तात्यांना कळवले. त्यांचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. "तुझ्या त्या साहेबांना हे शोधायला सहाशे माणसे आणि सात महिने लागले याचे आश्चर्य वाटले. आमच्या ओट्यावर एक सकाळ येऊन बसले असते, चहाही मिळाला असता." पत्राच्या शेवटी मात्र, नेहमीच्या 'प्रकृतीस जपणे'च्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती: "तो पुढे मेहुण्याचा भाग ओट्यावर वाचून दाखवला. मंडळी खूश झाली."

माझे पत्र ओट्यावर वाचले जाते हे मला तेव्हा कळले. पुढच्या गोष्टीचे बी इथे पडले आहे, म्हणून हे लक्षात ठेवावे.

आता रोजचे काम काय, तेही सांगतो; म्हणजे लग्नातल्या मामांचे समाधान होईल. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. तिथे ५ ऑगस्ट १९६८ पासून रोज रात्री तिन्ही मोठ्या टेलिव्हिजन कंपन्यांच्या बातम्या टेपवर उतरवून ठेवू लागले. हे सुचले ते कुणा पंडिताला नव्हे, पॉल सिम्पसन नावाच्या विमा व्यवसायातल्या गृहस्थाला. कंपन्या आपल्याच बातम्यांच्या टेपा जेमतेम दोन आठवडे ठेवून पुसून टाकतात हे कळल्यावर तो चकित झाला. सारा देश रात्री जे पाहतो त्याची सकाळी नोंदसुद्धा नाही! पुढे यातल्या एका कंपनीने विद्यापीठावर खटला भरला. पण १९७६ च्या नव्या कॉपीराइट कायद्यात अशा संग्रहांना मोकळीक मिळाली आणि तो खटला मिटला.

त्या टेपा पोस्टाने मागवायच्या आणि पाहायच्या. पाहायच्या म्हणजे आपण बातम्या पाहतो तशा नव्हे. हातात घड्याळ, पुढ्यात छापील तक्ता. बातमी कोणत्या विषयावर, किती सेकंद, उमेदवार स्वतः किती बोलला, बातमीदार किती बोलला, सूर बरा की वाईट. मग टेप मागे न्यायची आणि दुसऱ्या माणसाने, पहिल्याचा तक्ता न पाहता, तेच पुन्हा भरायचे. दोघांचे जुळले तर धरायचे, न जुळले तर व्याख्या बदलून पहिल्यापासून. माझे पहिले चार उन्हाळे एका तळघरात असे गेले. आमच्या सौभाग्यवती लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची अमेरिकेशी ओळख १९७२ सालच्या शिळ्या बातम्यांनी झाली, कारण जोडीला दुसरा गणक मिळेना. त्यांचे आणि माझे शंभरात नव्वद जुळत असे. संसारात पुढे हे प्रमाण टिकले नाही.

या मोजणीतून काय निघते? एकच उदाहरण देतो. डॅनियल हॅलिन या अभ्यासकाने १९९२ साली प्रसिद्ध केले की, १९६८ च्या निवडणुकीत टेलिव्हिजनच्या बातमीत उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या शब्दांत सलग बोलू देत ते सरासरी ४३ सेकंद. १९८८ साली ते उतरून ९ सेकंदांवर आले. मधल्या वीस वर्षांत उमेदवार तोच वेळ बोलत होते. दाखवणारे कात्री लावून त्यांच्या जागी स्वतः बोलू लागले. मी हे तात्यांना कळवले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांनी लिहून पाठवले, "नऊ सेकंदांत आचार्य अत्र्यांचा पहिला हशासुद्धा संपला नसता."

आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला तिथे येतो.

१९७६ च्या निवडणुकीत फोर्ड आणि कार्टर यांचे समोरासमोर वाद झाले. असे वाद त्याआधी झाले होते ते एकदाच, १९६० साली केनेडी आणि निक्सन यांचे. मध्ये सोळा वर्षे कोणी त्या वाटेला गेले नाही. साहजिकच १९६० च्या आठवणींना ऊत आला, आणि मी तात्यांना ती प्रसिद्ध गोष्ट लिहिली. २६ सप्टेंबर १९६० ची रात्र, गाव शिकागो. निक्सन नुकताच गुडघ्याच्या दुखण्याने इस्पितळात राहून आलेला, वजन उतरलेले, हनुवटीवर दाढीची निळसर छाया, अंगात मागच्या पडद्यात मिसळून जाणारा करडा सूट. समोर केनेडी, उन्हाने रापलेला, गडद सुटातला. झाले काय, तर ज्यांनी वाद रेडिओवर ऐकला ते म्हणाले निक्सन जिंकला. ज्यांनी टेलिव्हिजनवर पाहिला ते म्हणाले केनेडी जिंकला. आणि केनेडी शेवटी निवडून आला तो पावणेसात कोटींहून अधिक मतांत सव्वा लाखापेक्षाही कमी फरकाने! दाढी न केल्यामुळे राष्ट्राध्यक्षपद गेले.

तात्यांच्या हयातीत मी पाठवलेल्या कुठल्याही मालाला इतका उठाव आला नाही. ओट्यावर ती गोष्ट किती वेळा झाली याची गणती नाही. प्रत्येक आवृत्तीत निक्सनची दाढी बोटभर वाढत गेली. वाड्यातला कोणी मुलगा मुलाखतीला निघाला आणि केस विसकटलेले दिसले की ओट्यावरून आवाज येई, "अरे, निक्सन होऊन जाऊ नकोस!" बँकेत लागलेल्या दोघांनी तर आपल्या नोकरीचे श्रेय तात्यांच्या त्या गोष्टीला दिले.

गंमत पहा. त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९७६ मध्ये, माझ्या डोळ्यांदेखत याहून नामी प्रकार घडत होता. फोर्डसाहेब वादात बोलून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत रशियाचे वर्चस्व नाही. वाद संपल्यासंपल्या ज्यांना विचारले त्यांतल्या पुष्कळांना ते खटकलेसुद्धा नव्हते. फोर्डने बरी बाजू मांडली म्हणाले. दुसऱ्या दिवशी बातम्यांत त्या चुकीचा गवगवा झाला आणि त्यानंतर ज्यांना विचारले ते ठासून सांगू लागले की कार्टर जिंकला. डोळ्यांनी पाहिले रात्री, पण काय पाहिले ते कळले सकाळी. हे मी तात्यांना लिहिले नाही. यात दाढी नव्हती ना!

मी स्वतः केनेडी-निक्सनची गोष्ट सतरा वर्षे दर सत्राच्या पहिल्या तासाला सांगत आलो. वर्ग हमखास जागा व्हायचा. १९९३ साली मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. खेड्यातून आलेली, फारशी न बोलणारी. तिने विचारले, "प्रोफेसर, रेडिओवर ऐकणारे किती होते?"

मी म्हटले, "पुष्कळ असतील."

"तसे नाही. ज्यांना विचारले असे किती होते? आणि विचारले कुणी?"

मला उत्तर येत नव्हते. चाळिशी उलटलेला, दोन पुस्तके नावावर असलेला, वर्गावर्गातून 'पुरावा कुठे आहे?' असे मुलांना दटावणारा मी. आणि मीच कधी पाहिले नव्हते. 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणालो आणि ग्रंथालयात गेलो.

जे सापडले ते असे. ही सगळी इमारत मुख्यतः एका पाहणीवर उभी होती. फिलाडेल्फियाजवळच्या सिंडलिंगर नावाच्या बाजार-पाहणी कंपनीची ती पाहणी. तिच्यात रेडिओवर ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते, आणि त्यांतल्याही बऱ्याच जणांनी कोण जिंकले याबद्दल मतच दिले नव्हते. बरे, हे रेडिओवाले कोण? १९६० साली अमेरिकेत दहांतल्या जवळजवळ नऊ घरांत टेलिव्हिजन आला होता. मग रेडिओला कान लावून बसणारे उरले ते कदाचित आडगावचे, जे एरवीही केनेडीसारख्या कॅथलिक उमेदवाराला मत देते ना. त्यांना निक्सन जिंकला असे वाटले ते आवाजाने, की आधीच्या मताने? सँडस्कीचे पुस्तक ज्याला पाठ, त्याला हे सुचायला नको होते? आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही की, व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोघा अभ्यासकांनी १९८७ सालीच हे सगळे उकरून लेख छापला होता. माझ्याच विषयात, माझ्याच ग्रंथालयात तो सहा वर्षे पडून होता.

पुढे २००३ साली जेम्स ड्रकमन यांनी तोच जुना वाद काही तरुणांना नुसता ऐकवून आणि काहींना दाखवून प्रयोग केला, आणि पाहणाऱ्यांचे मत केनेडीकडे जास्त झुकते असे त्यांना आढळले. तेव्हा चित्राचा परिणाम होतच नाही असे कोणी म्हणू नये. पण त्या रात्री सारा देश कान आणि डोळे असा दुभंगला, हे सांगायला पुरावा नाही. १९९३ साली तर माझ्या हातात एवढाही आधार नव्हता. पुढच्या तासाला मी वर्गासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी तुम्हांला जे सांगितले ते मी तपासलेले नव्हते." बोलायला सोपे वाटते. त्या दिवशी तास संपल्यावर मी पंधरा मिनिटे रिकाम्या वर्गात बसून होतो. दाराबाहेर कोणी भेटेल अशी भीती वाटत होती. वाईट एवढेच वाटत नव्हते की चूक झाली. सतरा वर्षांत हजारएक मुले ती गोष्ट घेऊन गावोगाव गेली होती. त्यांच्या मागे मी कुठे धावणार?

त्यांचे राहो, पण तात्यांचे काय? मी हवाई पत्र लिहायला घेतले. तेव्हा तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचे ऑपरेशन फसले होते. आता घड्याळजी काकांचा मुलगा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे, आणि भाष्य तेवढे तात्यांकडे उरले होते. "तीर्थरूप तात्यांस, शिरसाष्टांग नमस्कार. मागे कळवलेली निक्सनची हकीकत..." इथवर लिहिले. मग डोळ्यांपुढे ओटा आला. सत्तर वर्षांत ज्या माणसाने ऐकीव बातमी कधी पुढे केली नाही, 'छापून आलंय का?' असे विचारल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, त्याने ही एक गोष्ट विश्वासावर घेतली. कारण ती मुलाने कळवली होती. पत्र मी फाडले. १९९५ साली तात्या गेले.

त्यानंतरचे थोडक्यात उरकतो, कारण ते वाचकांना ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना न्याय्य वाव द्यावा असा अमेरिकेत रेडिओ-टेलिव्हिजनवर १९४९ पासून नियम होता, तो १९८७ साली रद्द झाला. पुढे एकेका बाजूचे निराळे रेडिओ, निराळे टेलिव्हिजन झाले. २००५ पासूनच्या वीसेक वर्षांत तिथली एक तृतीयांशाच्या आसपास वर्तमानपत्रे बंद पडली. त्यांत ती सँडस्कीसारख्या गावांची साप्ताहिके पुष्कळ. २०१६ च्या निवडणुकीनंतर पुण्याहून मला जे फोन आले ते शुभेच्छांचे नव्हते. "काय प्रोफेसर, चुकलात!" देशभरच्या एकूण मतांचा अंदाज तसा फारसा चुकला नव्हता, चुकले ते मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत, आणि त्याचे एक कारण म्हणजे कमी शिकलेली माणसे पुरेशी मोजलीच गेली नव्हती. पण फोनवर हे ऐकायला कोणाला वेळ असतो?

आता वाडा नाही. त्याच नावाची पाच मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघे. खालच्या मजल्यावर घड्याळजी काकांचा मुलगा; माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र गोट्या खेळलो. गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तो आपल्या नातवाला घेऊन वर आला. पोराच्या हातात ढाल होती. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत दुसरा आला होता. विषय होता 'व्यक्तिमत्त्व'.

"प्रोफेसरांच्या पाया पड," माझा मित्र म्हणाला, "आणि ते भाषण म्हणून दाखव."

पोरगा खड्या आवाजात म्हणू लागला. तिसऱ्याच वाक्याला २६ सप्टेंबर १९६० ची रात्र आली. निक्सनची दाढी आता छातीपर्यंत पोचली होती. रेडिओवाले एकीकडे, टेलिव्हिजनवाले दुसरीकडे. हिने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते.

"तात्यांची गोष्ट!" मित्राचे डोळे पाणावले होते. "मी याला शिकवली. म्हटलं, आपल्या ओट्यावरची आहे, फुकट जायची नाही."

मी चिवड्याची बशी पुढे केली. छान म्हटलेस, म्हणालो. आणि तेवढ्यावर ते राहिलेही असते. पण पोराने ढाल मांडीवर ठेवली आणि मला विचारले, "आजोबा, तुम्ही तेव्हा तिथं होता? तुम्ही मोजलं होतं?"

"नाही रे," मी म्हटले. "मी मोजलं नव्हतं. आणि ज्यांनी मोजलं त्यांनी फार थोडी माणसं मोजली." मग मी सांगितले, सगळे. ग्रंथालय, तीनशेच्या आतले रेडिओवाले, मागच्या बाकावरची मुलगी.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तात्या चुकीचं सांगायचे नाहीत."

"त्यांना मी सांगितलं होतं. आणि चूक कळल्यावर कळवलं नाही. दोन वर्षं हातात होती."

तो काही बोलला नाही. हातातला लाडू त्याने परत बशीत ठेवला. हिने चहा आणला, तो निवत राहिला. पोरगा एकदा आजोबाकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. शेवटी त्याने हळूच विचारले, "मग ढाल परत द्यायची?"

"ढाल राहू दे," आजोबा म्हणाला. "म्हटलंस चांगलं, त्याची आहे ती." मग माझ्याकडे न बघता, बशीतला लाडू पुन्हा उचलीत, "पण पुढच्या वर्षी याला दुसरी गोष्ट लागेल. तुझ्याकडं एखादी मोजलेली आहे का?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली. "आहे," म्हटले. "ओहायओ राज्यात एका मोठ्या सरोवराच्या काठी सँडस्की नावाचं गाव आहे. तिथं १९४० साली सहाशे माणसांच्या घरी काही लोक दर महिन्याला जाऊ लागले..."